फेरीबोट नको म्हणून सव्वाशे किलोमीटर

गुहागरवाल्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. धोपावे आणि दाभोळ यांच्यामधे वाशिष्ठीची खाडी आहे, २००३ पासून तिथे गाड्या नेणारी फेरीबोट चालते आणि पलीकडे जायला साधारण दहा मिनिटं लागतात. माझी मोठी बहीण माई दाभोळला दिलेली, माझं सासर गुहागरच्या बाजूला. फेरीची वाट बघायला लागली तरी सव्वा-दीड तासात माझ्या दारातून तिच्या दारात. आणि मी कित्येक वर्षं तिच्याकडे जात होते ती गुहागर, चिपळूण, खेड, दापोली आणि मग दाभोळ अशी. सव्वाशे किलोमीटरच्या वर, चार तास, भरणे नाक्याला चहा घेतला तर अजून जास्त. पेट्रोल एका बाजूचंच साडेसातशेच्या आसपास.

बोटीची भीती, लिफ्टची भीती, घाटाची, इंजेक्शनची, ज्याची त्याची वेगळी असते. पण नेमकं कुठे जायचं, तिथे काय विचारतात, किती खर्च येतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून सगळं तारखांसकट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, माझ्याबाबतीत जे झालं ते आणि तेवढंच.

सुरुवात २०१८ च्या श्रावणातली. नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती, खाडीच्या तोंडाशी पाणी बरंच हलत होतं, आम्ही गाडीसकट फेरीत होतो आणि मधोमध आल्यावर माझी छाती धडधडायला लागली. हाताच्या बोटांना मुंग्या, मग ओठांना मुंग्या, श्वास पुरेना, डोळ्यापुढे अंधारी. मला खात्रीच पटली की हा हार्ट अटॅक आहे आणि मी इथेच जाणार. पलीकडे उतरल्यावर डॉक्टरकडे नेलं, ईसीजी काढला, तो साफ. ॲसिडिटी असेल, उपाशी होतात का, उकाडा होता ना, वगैरे. गोळ्या घेऊन आलो. परत जाताना मी म्हटलं आज बोट नको, दापोलीवरून जाऊ. तेव्हा कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझ्या डोक्यात बोटीबद्दल आधीपासून काहीतरी बसलेलं होतंच. आजी मूळची अलिबागकडची. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, ती गोष्ट आजी अशी सांगायची की आम्ही पोरं गोधडीत पाय आखडून घ्यायचो. पण लहानपणी ही गोष्ट ऐकूनही मी होडीत बसायचे. त्यामुळे सगळं खापर आजीवर फोडण्यात अर्थ नाही.

तर त्यानंतर बोट बंद. पण "मला बोटीची भीती वाटते" हे वाक्य मी कधीच उच्चारलं नाही, आणि मला वाटतं सगळी गंमत इथेच आहे. मी म्हणायचे चिपळूणला साडी बदलायची आहे, जाता जाता होईल. फेरीला शनिवार-रविवारी टुरिस्टांची रांग असते, त्यापेक्षा रस्ता बरा. शेवटची फेरी चुकली तर काय घ्या. सासूबाईंना बोट लागते. सासूबाईंना बोट बिलकुल लागत नाही, त्या फेरीत उभं राहून शेंगा खातात. मग कोविड आला आणि दोन वर्षं कारण शोधायचीही गरज पडली नाही. यातलं एकेक कारण सुटं घेतलं तर अगदी खरं होतं, साडी खरंच बदलायची असायची, रांग खरंच असायची, आणि म्हणूनच ते इतकी वर्षं खपून गेलं.

घरच्यांनीही ते प्रेमाने खपवलं. नवरा एका शब्दाने न बोलता चार तास गाडी चालवायचा. कोणी विचारलं तर "आम्हाला खेडला काम होतं" असं माझ्या आधी तोच सांगायचा. आता कळतंय की त्याच्या चांगुलपणामुळे माझी भीती आरामात पोसली जात होती, पण तेव्हा मला तो देवमाणूस वाटायचा. (अजूनही आहे. मुद्दा वेगळा.)

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला जाणाऱ्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. मी तो किती वेळा पाहिला ते विचारू नका. प्रत्येक वेळी आतून कोणीतरी म्हणायचं, बघ, मी सांगत होते ना.

आणि मग जानेवारी २०२५ मधे माईचं पित्ताशयाचं ऑपरेशन अचानक ठरलं. सकाळी फोन आला, आम्ही निघालो, कशेडीकडून येणारी वाहतूक, भरण्याला ट्रॅफिक, दापोलीला हॉस्पिटलमधे पोचेपर्यंत तिला ऑपरेशन होऊन वॉर्डात आणलेलंही होतं. भाची बाहेर बाकावर एकटी बसलेली. ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "मावशी, तू फेरीने आली असतीस तर आईला आत नेताना भेटली असतीस." मी म्हटलं, अगं फेरीला रांग होती. तिने माझ्याकडे बघितलं. आम्ही फेरीकडे गेलोच नव्हतो हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि दोघींनाही ते माहीत आहे हेही दोघींना माहीत होतं.

त्या आठवड्यात मी टेलिमानसला फोन केला. नंबर १४४१६, मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायची केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. घरात बोलायची सोय नव्हती म्हणून दुपारी मागच्या वाडीत माडाखाली जाऊन केला, रेंज तिथेच येते. मला वाटलेलं उपदेश ऐकायला मिळेल. त्या बाईंनी फक्त प्रश्न विचारले. त्यातला एक असा होता की बोट टाळून चिपळूणच्या रस्त्याला लागलात की त्या क्षणी कसं वाटतं? मी म्हटलं, सुटल्यासारखं. खूप बरं वाटतं. त्या म्हणाल्या, ते बरं वाटणंच पुढच्या वेळी तुम्हाला परत त्याच रस्त्याला नेतं. दारात आलेल्या मांजराला दूध घालावं आणि ते रोज का येतं म्हणून विचारावं, तसं माझं चाललं होतं. त्यांनी जवळच्या सरकारी मानसोपचार ओपीडीत जायला सांगितलं.

जवळची म्हणजे रत्नागिरी. आता आमच्याकडे "रत्नागिरीला न्यायला हवं" याचा अर्थ काय होतो ते कोकणातल्या माणसाला समजवायला नको. तिथलं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं आहे, तेव्हापासूनच बहुतेक ही थट्टा चालू असावी. मी स्वतः ती थट्टा हजारदा केलेली. त्यामुळे शेजाऱ्यांनी "रत्नागिरीला कशाला?" म्हणून विचारलं तेव्हा मी "डोळे तपासायला" असं सांगितलं. मी गेले ती दुसऱ्या एका सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत, पण ते सांगूनही कोणाला फरक पडला नसता.

तारीख होती ६ फेब्रुवारी, गुरुवार. गुहागरहून रत्नागिरीला जायला तवसाळ-जयगड अशीही एक फेरी आहे, म्हणजे बोटीच्या भीतीच्या डॉक्टरकडे जायचा सोयीचा रस्ताही बोटीतूनच. मी अर्थातच एसटीने भातगावच्या पुलावरून गेले. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवासाचा खर्च फार आला नाही. सोबत आधार कार्ड आणि २०१८ चा तो ईसीजी. जुना ईसीजी असेल तर नक्की न्या, माझ्या बाबतीत डॉक्टरांनी पहिल्यांदा तोच मागितला. सरकारी दवाखान्यातली तपासणी १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहे, केसपेपरला पैसे पडले नाहीत. त्याआधी चिपळुणात एका खासगी ठिकाणी फोन करून विचारलेलं, तिथे एका बैठकीचे हजार सांगितले होते.

सकाळी गेलेली मी, नंबर दुपारी लागला. बाकावर बसले तेव्हा ओढणी तोंडावर घेतलेली, ओळखीचं कोणी भेटलं तर काय. भेटलंच. आमच्या बाजारातला एक दुकानदार, मुलाला घेऊन आलेला. त्याने मला बघितलं, मी त्याला बघितलं, दोघांनी एकदमच विचारलं, "एसटी कितीची आहे परतीची?" नंतर त्याच्या दुकानात जायला मला उलट बरं वाटायला लागलं.

डॉक्टरांनी झोप, चहा-कॉफी, थायरॉइड, पाळी, घरातली भांडणं सगळं विचारलं. मरून जावंसं वाटतं का हेही विचारलं. हा प्रश्न आला की दचकू नका, तो सगळ्यांना विचारतात. थायरॉइडची तपासणी लिहून दिली, ती तिथेच झाली, नॉर्मल आली. मग त्यांनी सांगितलं की २०१८ ला झाला तो पॅनिक अटॅक होता. माणूस घाबरून भरभर श्वास घ्यायला लागला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात आणि गरगरतं. सात वर्षं मी ज्या मुंग्यांना घाबरत होते त्यांचं कारण दोन वाक्यांत संपलं. अर्थात पहिल्या वेळी छातीत धडधडलं तेव्हा ईसीजी काढला ते बरोबरच होतं असंही ते म्हणाले, छातीचं दुखणं आपल्या मनाने पॅनिक ठरवून घरी बसू नये.

गोळ्या दिल्या नाहीत. एकाच गोष्टीची भीती असेल तर आधी सरावाने बघू, काहींना गोळ्या लागतात, तुम्हाला आत्ता नको. मी विचारलं, निदान बोटीत चढण्यापुरती एखादी? तर म्हणाले, मग पार पोचल्याचं श्रेय तुम्ही गोळीला द्याल.

त्यांनी सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे पाठवलं. त्या माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, आधी जरा मनात आलं की या पोरीला काय कळणार. त्यांनी पहिल्या दिवशी काहीच केलं नाही, फक्त वही घालायला सांगितली. काय टाळलं, कारण काय सांगितलं, टाळल्यावर कसं वाटलं. बस.

ही वही म्हणजे मला सगळ्यात त्रासदायक प्रकार वाटला. मला वाटत होतं मी फक्त फेरी टाळते. आठवड्याने बघते तर, वेलदूरला मासळी आणायला मी जात नाही, नवऱ्याला पाठवते, कारण तिथे लाँच दिसतात. माईचा फोन संध्याकाळी घेत नाही, कारण ती "कधी येतेस?" विचारते. बँकेतल्या मैत्रिणींची अलिबागची सहल मी दोनदा मोडली. टीव्हीवर समुद्रातला सीन आला की भांडी घासायला उठते. भाचीच्या लग्नाचा विषय निघाला की "मुलगा घाटावरचाच बघा" म्हणते, आणि ते तिच्या भल्यासाठी म्हणते असं मला स्वतःला मनापासून वाटत होतं! घाटावर जायला बोट लागत नाही, एवढंच त्यातलं खरं.

पुढच्या खेपेला मॅडमनी यादी करायला घेतली. सगळ्यात कमी भीतीचं आधी, जास्तीचं नंतर, आणि प्रत्येकासमोर शून्य ते दहा आकडा. फेरीचा फोटो बघणं, दोन. धोपाव्याच्या धक्क्यावर गाडीत बसून राहणं, चार. धक्क्याला लागलेल्या बोटीवर चढून उतरणं, सहा. नवऱ्याबरोबर पार जाणं, नऊ. एकटीने, लाटा असताना, डेकवर उभं राहून, दहा. त्याच्याही वर मी छोट्या शिडाच्या होडीतून जंजिऱ्याला जाणं लिहिलं आणि समोर बारा घातले. त्या हसल्या आणि म्हणाल्या राहू दे बारा.

ही पद्धत काही नवी नाही म्हणे. १९२४ मधे मेरी कव्हर जोन्स नावाच्या अमेरिकन बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर ती करून पाहिली होती, त्याला आवडीचं खायला द्यायचं आणि सशाचा पिंजरा रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी तो पोरगा सशाशी खेळायला लागला. मी विचारलं, मला काय खायला देणार?

नियम दोनच होते पण कडक. एक, आकडा चढलेला असताना तिथून निघायचं नाही, तो निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं. दुसरा, कुबड्या नकोत. म्हणजे आधी ॲव्होमिन (गाडी-बोट लागू नये म्हणून घेतात ती गोळी) घेऊन गुंगीत जायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत, कानात गाणी नाहीत, गाडीच्या काचा बंद नाहीत. रामरक्षेवर आमचा वाद झाला. त्या म्हणाल्या, घरी रोज म्हणा, पण बोटीत भीती दाबायला म्हणू नका. हे ऐकून आई फोनवर जी तापली की विचारू नका, कसली डॉक्टरीण आहे म्हणे. मी मधला मार्ग काढला, धक्क्यावर पोचायच्या आधी गाडीत म्हणून संपवायची.

नवऱ्यालाही एकदा बोलावलं होतं. त्याला सांगितलं की "काही होत नाही गं" म्हणायचं नाही आणि "परत फिरूया का?" तर अजिबात विचारायचं नाही. फक्त "आकडा किती?" एवढं विचारायचं. माझ्यापेक्षा त्यालाच ते जड गेलं. बायको घामाघूम झालेली आणि आपण आकडा विचारतोय, त्याला ते निर्दयपणाचं वाटायचं.

धक्क्यावर जायला मार्चच्या सुरुवातीला सुरुवात करायची ठरलं आणि तेवढ्यात शिमगा आला. होळी १३ मार्चला होती. पालख्या, पाहुणे, घरात माणसं, मी आनंदाने वहीत लिहिलं, शिमग्यामुळे जमलं नाही. मग तिसऱ्या रकान्यात "बरं वाटलं" लिहिताना हात थांबला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे झोपलेले असताना जाऊन आलो.

धक्क्यावर बसून राहणं बाहेरून बघणाऱ्याला फार येडचाप दिसतं. गाडी लावायची आणि बसायचं, बोट येते, फळी आपटते, गाड्या उतरतात, चढतात, बोट जाते, आपण बसलेलेच. तिथल्या एका खलाश्याने शेवटी येऊन विचारलंच, "वैनी, कोणाची वाट बघताय?" नवरा काहीतरी थाप मारणार होता, मी म्हटलं मला भीती वाटते, सराव करतेय. त्याला काही नवल वाटलं नाही. त्याचा चुलतभाऊ गलबतावर होता म्हणे, आणि त्याला विमानाची भीती. पुढे मी रिकाम्या बोटीवर चढून उतरण्याची परवानगी मागितली तेव्हा यानेच सांगितलं, गाड्या उतरून जाऊ द्या, मग या, आणि रॅम्पवर ओलं असतं तर चपला बघून घाला. अजून एक कामाची गोष्ट त्याच्याकडूनच कळली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त ओढतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा खाडी गप्प असते. पहिल्यांदा जायचं तर तेव्हा जा.

म्हणून ५ एप्रिल धरला. शनिवार, चैत्रातली अष्टमी, दुसऱ्या दिवशी रामनवमी. मॅडमनी एक अडचण आधीच ओळखली होती. भीती वर चढते आणि थांबलात तर आपोआप उतरते, पण उतरायला वेळ लागतो, आणि आपली फेरी दहा मिनिटांत संपते. म्हणजे भीती शिखरावर असताना दाभोळ येणार, मी धावत उतरणार, सुटल्यासारखं वाटणार आणि मेंदू परत तेच शिकणार की जमिनीने वाचवलं. म्हणून दाभोळला उतरायचंच नाही. त्याच बोटीने परत, परत तिकडे, आकडा खाली येईपर्यंत. तिकिटं दरवेळी काढायची. पायी माणसाचं तिकीट अगदी किरकोळ असतं, गाडी नेली नाही तर हा सगळा सराव फार स्वस्तात होतो. दरफलक खिडकीवर लावलेला आहे.

रॅम्प वर उचलला गेला तेव्हा आकडा आठ. इंजिनाचा आवाज बदलला आणि पायाखालचा पत्रा थरथरायला लागला तेव्हा नऊ. मुंग्या आल्या. त्याच, बोटांपासून. मी कठडा धरून मनात म्हणत होते की हा कार्बन डायऑक्साइड आहे, हा कार्बन डायऑक्साइड आहे, आणि मग आठवलं की हेसुद्धा रामरक्षेसारखंच होतंय, म्हणून तेही सोडलं. नुसतं बघत राहिले. मागे अंजनवेलच्या वीज प्रकल्पाची धुराडी, पुढे दाभोळच्या काठावरची जुनी मशीद मोठी होत येणारी. नवऱ्याने विचारलं आकडा किती, मी इतक्या जोरात "नऊ" ओरडले की शेजारच्या बाईकवाल्याला वाटलं मी त्याला काहीतरी म्हणतेय. दाभोळला सात. उतरले नाही. परत येताना धोपाव्यापर्यंत सहा. मग परत. तिकीटवाल्याने चौथं की कितवं तिकीट फाडताना काही विचारलं नाही, खलाश्याने त्याला सांगून ठेवलेलं असणार. कंटाळा यायला लागला तेव्हा आकडा तीन होता. कंटाळा! बोटीत मला कंटाळा येऊ शकतो ही गोष्टच मला नवी होती.

मग दाभोळला उतरलो आणि माईकडे गेलो. तिला काही कळवलं नव्हतं, कारण ती वाट बघतेय या दडपणाखाली मला बोटीत बसायचं नव्हतं. ती अंगणात पापड वाळत घालत होती. आम्हाला बघून म्हणाली, "जेवून जाणार ना? मग भात टाकते." एवढंच. फेरीने आलात का वगैरे काही नाही. आत गेल्यावर मात्र भाचीला हळूच म्हणताना ऐकलं, "गाडी नाहीये गं त्यांची, चालत आलेत."

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण आम्ही परत निघालो तेव्हा अंधार पडलेला आणि काळ्या पाण्याकडे बघून आकडा परत आठ. मला रडू आलं, दिवसभराची मेहनत वाया गेली असं वाटलं. पुढच्या खेपेला मॅडम म्हणाल्या की असंच होतं, जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवीन शिकलेलं बसतं, आणि ते त्या दिवशीच्या उजेडात, त्या शांत पाण्यात, नवरा बाजूला असताना शिकलेलं असतं. म्हणून वेगवेगळ्या वेळी जा. सकाळी, अंधारात, गर्दीत, एकटी. हे आधी माहीत असतं तर त्या रात्री एवढं लागलं नसतं, म्हणून मुद्दाम लिहितेय.

एप्रिल-मे सराव बरा चालला. मग पावसाने घोळ घातला. २०२५ ला तो २५ मेलाच कोकणात उतरला, आंबे झाडावर असताना. खाडी खवळली, फेरी अधूनमधून बंद राहायला लागली. फेरी बंद असल्याचा मेसेज ग्रुपवर आला की मला जे काही हलकं वाटायचं! आता हे टाळणं की शहाणपण? मॅडमनी सोपं करून दिलं. बोटवाले बंद ठेवतात तेव्हा तो धोका, तेव्हा घरी बसा. बोटवाले चालवतायत, शाळेतली पोरं जातायत आणि फक्त तुम्हीच खिडकीतून आभाळ बघत थांबला आहात, तर ती भीती. मग जून-जुलैत फेरी चालू असेल त्या दिवशी आठवड्यातून एकदा तरी जायचं असं ठरवलं, काही आठवडे जमलं, काही नाही.

गणपती २७ ऑगस्टला बसले. १ सप्टेंबरला माईकडे गौरीपूजन, सकाळी पातोळ्या केल्या, डबा भरला आणि नवऱ्याला घरी पाहुण्यांपाशी ठेवून एकटी गेले. डेकवर उभी होते, लाटा होत्या, आकडा पाच होता. शून्य नाही झाला, आणि होईल असं मला कोणी सांगितलंही नाही. पाच असताना डबा धरता येतो, शेजारच्या बाईशी फुलांचे भाव बोलता येतात. झेंडू फार महाग होता यंदा.

एकूण खर्च विचाराल तर दवाखान्याचा शून्य, रत्नागिरीच्या एसटीचे आणि फेरीच्या तिकिटांचे मिळून जे झाले ते माईकडच्या आमच्या जुन्या दोन फेऱ्यांच्या पेट्रोलपेक्षा कमीच. वेळ मात्र गेला. रत्नागिरीला सुरुवातीला दर दोन-तीन आठवड्यांनी जायला लागायचं, नंतर महिन्याने, दर वेळी निम्मा दिवस बाकावर. डबा आणि पाण्याची बाटली न्या, आणि मॅडम कोणत्या वारी असतात ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या, रोज नसतात. वही साधी शंभर पानी चालते. घरातला जो माणूस तुमची भीती सांभाळत असतो त्याला एकदा तरी सोबत न्या, हे मी सगळ्यात आधी सांगेन. शेवटच्या तपासणीला मी तवसाळवरून जयगडला फेरीने गेले, एसटीपेक्षा लवकर पोचले आणि तरी नंबर दुपारीच लागला.

जंजिरा राहिलाय. राजपुरीहून ज्या होड्या सुटतात त्या शिडाच्या, लहान, आणि दरवाजाशी होडी हलत असताना पायरीवर पाय टाकायचा असतो. बारावरून तो आकडा आता आठवर आलाय. नवरा म्हणतोय नोव्हेंबरातच जाऊ, मी म्हटलं डिसेंबर बरा, पाणी अजून शांत असतं. भाचीने वही पुढे सरकवली. कारण लिहिलंय, तिसरा रकाना अजून कोरा आहे.